बिबट्याच्या शेजारी राहताना: सोसायटीत आणि वस्तीत जागृतीचं काम कसं सुरू करावं

बोरिवली, मुलुंड, आरे वसाहत, ठाण्याचा येऊर-घोडबंदर पट्टा, पुण्यातल्या बावधन-पाषाणच्या टेकड्या. अशा ठिकाणी नवी इमारत उभी राहते, लोक राहायला येतात आणि एक दिवस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप येऊन पडते. रात्री अडीचचा सुमार, कुंपणाच्या भिंतीवरून निवांत चालत जाणारा बिबट्या. सकाळ होईपर्यंत ग्रुपवर एकच मागणी असते: वन विभागाला सांगून पिंजरा लावा.

त्या ग्रुपमधल्या ज्या दोन-चार जणांना वाटतं की लोकांशी नीट बोलायला हवं, पण सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं मुंबई-ठाण्याची जास्त आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, शहराने वेढलेलं, आणि २०१८च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) पाहणीत तिथे ४७ बिबट्यांचा अंदाज निघाला होता. पद्धत मात्र पुणे, नाशिक, नागपूर कुठेही हीच लागू पडते.

१. पिंजऱ्याचा प्रश्न आधी स्वतःपुरता मिटवा

बैठकीत पहिला प्रश्न पिंजऱ्याचाच येणार. तिथे अडखळलात तर पुढचं कुणी ऐकत नाही, म्हणून हा भाग पाठ असू द्या.

बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती माणसाच्या जिवाला धोका असेल तर मिळते. नुसता दिसला म्हणून पिंजरा लावता येत नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली बिबट्या-मानव संघर्षासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही तोच आहे.

पण फक्त कायदा सांगितला तर लोक चिडतात. त्यांना कारण सांगा. प्रौढ बिबट्याचा आपला इलाका असतो. त्याला उचलून नेलं की जागा रिकामी पडते आणि तिथे दुसरा येतो, बहुतेकदा तरुण, इलाक्याच्या शोधात भटकणारा, तुमच्या वाटा-वेळा माहीत नसलेला. जुना बिबट्या कुठल्या गल्लीत किती वाजेपर्यंत माणसं असतात हे शिकलेला असतो, नव्याला ते सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. शिवाय दूर सोडलेला बिबट्या तिथेच राहील याची खात्री नाही. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या आणि 'आजोबा' नाव मिळालेल्या नर बिबट्याला २००९ मध्ये गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट संजय गांधी उद्यानाच्या नागला भागात पोचला. मधले रस्ते, रेल्वेमार्ग, खाडी, काहीही त्याला आडवं आलं नाही.

याच्या जोडीला दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगा. हल्ले होतात. आरेमध्ये २०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माणसं जखमी झाली आणि वन विभागाने तिथे पिंजरे लावले, ते योग्यच होतं. 'बिबट्या काही करत नाही' हे वाक्य कधीही उच्चारू नका. वस्तीतल्या एखाद्या आईला ते थट्टेसारखं लागतं. त्याऐवजी तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवा: बिबट्या दिसणं, बिबट्याने कुत्रं उचलणं आणि बिबट्याने माणसावर झडप घालणं. पहिल्या दोन गोष्टींवरचे उपाय आपल्या हातात आहेत. तिसरी घडली तर तासाभरात वन विभागाला कळायला हवी, आणि तिथे पिंजऱ्याचा आग्रह धरणं चूक नाही.

२. कागदपत्रं आणि साहित्य

कामाला लागण्यापूर्वी हे जमवा:

- सोसायटीच्या कमिटीचा ठराव (वस्ती असेल तर रहिवाशांच्या सह्यांचं पत्र). जागृतीसाठी बैठक घ्यायची आहे आणि अमुक दोघे वन विभागाशी बोलतील, एवढं त्यात पुरे.
- वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र, दोन प्रती.
- महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कचरा आणि दिवाबत्तीसाठी वेगवेगळी पत्रं. एकाच पत्रात दोन्ही घातलं तर एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं.
- परिसराचा नकाशा, निदान ए-टू आकारात छापलेला, आणि तीन रंगांच्या टिकल्या.
- कचऱ्याच्या ढिगांचे, बंद दिव्यांचे, तुटक्या कुंपणाचे फोटो, तारीख-वेळ आणि खांबाच्या क्रमांकासह.
- प्रत्येक गेटवर लावायला नंबरांचा तक्ता: वन विभागाची हेल्पलाइन १९२६, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८ आणि तुमच्या भागाच्या वनरक्षकाचा मोबाइल. शेवटचा नंबर सगळ्यांत जास्त उपयोगी. तो लिहिण्याआधी त्यांची परवानगी घ्या.
- चांगली बॅटरी, शिट्टी, एक वही.

पत्र दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 'साहेबांच्या टेबलावर ठेवतो' म्हणून घेतलेल्या कागदाचा पुढे माग लागत नाही.

इथली नेहमीची गफलत हद्दीची. राष्ट्रीय उद्यानाच्या आतला भाग उद्यानाच्या कार्यालयाकडे असतो, बाहेरची मुंबई ही ठाणे प्रादेशिक वन विभागाच्या मुंबई परिक्षेत्राकडे. भिंतीच्या अलीकडे एक कार्यालय, पलीकडे दुसरं. भिंतीला लागून राहत असाल तर दोन्हीकडे पत्र द्या आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्याचा उल्लेख करा.

३. नकाशा भरा, पण आधी ऐका

पहिले दोन आठवडे कुणालाही काही शिकवू नका. फिरा आणि विचारा. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, पहाटे येणारे दूधवाले आणि सफाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षास्टँडवरचे चालक यांनी बिबट्या तुमच्या कमिटीपेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिलेला असतो. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

उद्यानात आणि आरेमध्ये वारली पाडे आहेत. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला देव मानत आली आहेत. वाघबारशीला पूजा होते, आणि वाघ या शब्दात बिबट्याही येतो. अशा पाड्यावर पत्रकांचा गठ्ठा घेऊन जागृती करायला जाऊ नका. अंधारात मूल एकटं सोडायचं नाही, कोंबड्या उघड्यावर ठेवायच्या नाहीत, झुडपातून आवाज करत जायचं, हे तिथे रोजच्या जगण्यात मुरलेलं आहे. जा, बसा, विचारा. तुमच्या सोसायटीच्या बैठकीत तिथल्या एखाद्या जाणत्या काकांना किंवा मावशींना बोलायला बोलावलंत तर आणखी चांगलं.

मिळालेली माहिती नकाशावर लावा. लाल टिकली जिथे बिबट्या दिसला, पिवळी जिथे कचरा साठतो किंवा कुत्र्यांना खाणं घातलं जातं, निळी जिथे अंधार आहे आणि माणसांची ये-जा आहे. टिकल्या लावून झाल्या की तिन्ही रंग जवळपास कुठे येतात ते बघा. काम तिथून सुरू होतं. बहुतेक ठिकाणी अशा जागा दोन-तीनच निघतात: सार्वजनिक शौचालयाची वाट, कचराकुंडीमागचं गवत, भिंतीचा पडका भाग.

दिसलं म्हणून सांगितलेलं सगळं बिबट्याच असतं असं नाही. रानमांजर, उदमांजर आणि अंधारातलं पिवळट कुत्रंसुद्धा बिबट्या होऊन जातं. 'बिबट्याचं पिल्लू' म्हणून आलेल्या फोनवर पुष्कळदा उदमांजर किंवा रानमांजर निघतं. चिखलात ठसा मिळाला तर शंका मिटते. प्रौढ बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद, चार बोटं, मागची गादी मोठी, आणि नखांच्या खुणा नाहीत, कारण चालताना तो नखं आत घेतो. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोकदार ठिपके उमटतात. रानमांजराचा ठसा बिबट्यासारखाच पण त्याच्या निम्म्या आकाराचा. ठशाशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून अगदी वरून फोटो काढा, तिरका फोटो आकार फसवतो. मुलांना दाखवायला साचा करायचा असेल तर पुठ्ठ्याची पट्टी ठशाभोवती गोल उभी करा, दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस एक वाटी पाण्यात कालवून हळूच ओता आणि अर्धा तास हात लावू नका. ठसा ओला असेल तर त्याहून जास्त वेळ द्या, घाईने उचललेला साचा बोटांपाशी मोडतो.

४. कचरा, कुत्री, उजेड, शौचालय

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. बैठकी कितीही घेतल्या आणि हे तसंच राहिलं तर बिबट्याचं येणं कमी होणार नाही.

शहराच्या कडेला राहणाऱ्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. कुत्री कचऱ्यावर जगतात. साखळी एवढी सरळ आहे आणि ती कचऱ्यापाशी तोडायची आहे. ओला कचरा संध्याकाळी बाहेर ठेवायचा नाही, सकाळी गाडी येण्याच्या अर्धा तास आधी ठेवायचा. कुंडीला झाकण हवं आणि झाकणाला अडकवायला कडी. चिकन-मटणाच्या दुकानांचा टाकाऊ माल रात्री जंगलाच्या कडेला किंवा नाल्यात फेकला जातो का, हे मुद्दाम तपासा. सोसायटीचा सगळा कचरा मिळून जेवढी कुत्री जमत नाहीत तेवढी त्या एका पोत्यापाशी जमतात. दुकानदाराशी आधी शांतपणे बोला, नाही ऐकलं तर फोटोसह वॉर्ड ऑफिसला कळवा.

कुत्र्यांच्या बाबतीत सोसायट्यांमध्ये दोन तट पडतात आणि मूळ काम बाजूला राहतं. कुत्र्यांना हाकलून किंवा पोत्यात घालून दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे आणि निरुपयोगीही, कारण कचरा असेल तर आठवड्याभरात दुसरी येतात. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. त्याच नियमांत खाणं घालायची जागा ठरवण्याची तरतूद आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या दारापासून दूर. तुमच्याकडे त्यात एक भर घाला. ती जागा जंगलाकडच्या भिंतीलगत नसावी, खाणं दिवसाउजेडी घालावं आणि उरलेलं तिथे पडू देऊ नये. प्राणिप्रेमी मंडळींना विरोधक समजू नका. कुत्री बिबट्याच्या तोंडी जाऊ नयेत असं त्यांनाही मनापासून वाटतं, त्यामुळे ही गोष्ट त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर पटते.

पाळलेलं कुत्रं रात्री व्हरांड्यात बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला दाराशी बोलावणं. ते घरात घ्या. शेळ्या-कोंबड्या असतील तर वरून छप्पर आणि चारही बाजूंनी जाळी हवी. नुसतं कुंपण बिबट्या सहज ओलांडतो.

उजेड कुठे आणि कसा, हेही बघा. जंगलाच्या दिशेने फ्लडलाइट सोडून काही साधत नाही. दिवा हवा तो माणसांच्या वाटेवर, खाली रोखलेला. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आणि झुडपं दहा फुटांपर्यंत कापून ठेवा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला. झाडं तोडायची गरज नाही, दडायला जागा मिळते ती गुडघ्या-कमरेएवढ्या झाडोऱ्यात.

वस्तीतलं शौचालय हा सगळ्यांत नाजूक मुद्दा. बिबट्या उभ्या माणसाला टाळतो, पण अंधारात उकिडवं बसलेलं माणूस किंवा एकटं लहान मूल त्याच्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीचं दिसतं. शौचालयात पाणी नसलं, दिवा गेला, कडी मोडली की लोक उघड्यावर जातात. म्हणून दिव्याचा बल्ब आणि दाराची कडी यांचा पाठपुरावा बिबट्यापासून बचावाचाच भाग समजा. वॉर्ड ऑफिसला दिलेल्या पत्रात हे कारण स्पष्ट लिहा आणि त्याची प्रत वन विभागाला द्या. वन विभागाचं पत्र सोबत असलं की महापालिकेत फाइल हलते.

५. बैठक घ्या

एका बैठकीला चाळीस माणसं पुरेत, तासाभराहून जास्त वेळ नको. सगळ्यांची एकच मोठी सभा घेतली तर बोलणारे तेच चार जण बोलतात आणि ज्यांना खरा धोका आहे ते येतच नाहीत. म्हणून गट वेगळे करा:

- सुरक्षारक्षक, पाळी बदलताना. त्यांच्या ठेकेदाराला आधी कळवा. रक्षक बदलत राहतात, म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा.
- घरकामाला येणाऱ्या बायका आणि चालक, दुपारी. पहाटे आणि अंधार पडल्यावर चालत येणारे तेच.
- मुलं, शाळेत किंवा बागेत, दिवसा.
- रहिवासी, रविवारी सकाळी.

वनरक्षक किंवा वनपालांना बोलवा. गणवेशातल्या माणसाने 'पिंजरा का नाही' हे सांगितलेलं लोक ऐकून घेतात. सुरुवातीची पंधरा मिनिटं लोकांना बोलू द्या, भीती बाहेर येऊ द्या. मग नकाशा दाखवा. मग प्रात्यक्षिक.

प्रात्यक्षिक म्हणजे समोरासमोर आल्यावर काय करायचं ते अंगाने करून बघणं. तोंडी सांगितलेलं त्या क्षणी आठवत नाही. थांबा. पळू नका, पाठ करू नका, खाली बसू नका, वाकून दगड उचलू नका. हात वर करून मोठे दिसा, भरड्या आवाजात जोराने बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. त्याला निघून जायला वाट ठेवा. लहान मूल सोबत असेल तर शक्य तितकं कमी वाकून उचलून घ्या. चालताना बॅटरी लावा, फोनवर गाणी चालू ठेवा, मात्र कानात इअरफोन घालून अंधारात चालू नका. मुलांकडून हे चार-पाच वेळा करून घ्या. त्यांना ते आवडतं आणि घरी जाऊन ती आजी-आजोबांनाही शिकवतात.

भीतिदायक फोटो दाखवू नका. रक्ताळलेला फोटो पाहिल्यावर बाकी काही लक्षात राहत नाही.

६. ग्रुपवरचे मेसेज आवरा

अफवा रोखायला दोन माणसं नेमा. बिबट्याची क्लिप आली की ती पुढे जाण्याआधी ते तीन गोष्टी विचारतील: कुठल्या कॅमेऱ्याची, कोणत्या तारखेची, मूळ कुणी पाठवली. कॅमेऱ्यावरची वेळ बघा, भिंतीचा रंग बघा, ऐन मे महिन्यात जमीन ओली दिसतेय का बघा. जुनी किंवा दुसऱ्याच शहरातली क्लिप 'आपल्या मागच्या गेटची' म्हणून फिरणं नेहमीचं आहे.

क्लिप खरी निघाली तर मेसेज असा घाला: 'आज पहाटे ३ वाजता मागच्या भिंतीवर बिबट्या दिसला आणि जंगलाकडे गेला. वन विभागाला कळवलं आहे. आज रात्री त्या वाटेने एकटं जाऊ नये, मुलांना अंधार पडण्याआधी घरी घ्यावं.' एवढंच. प्राणी अजून तिथेच असेल तर नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. ती टाकल्यावर पंधरा मिनिटांत तिथे मोबाइल उगारलेली गर्दी उभी राहते.

७. प्राणी आत अडकला तर

याची तयारी आधी करा, त्या दिवशी ठरवायला वेळ नसतो. चार कामं चार जणांना वाटून द्या: फोन, गेट, गर्दी, मेसेज.

फोन करणाऱ्याने १९२६ आणि वनरक्षकाला नेमका पत्ता, मजला, प्राणी कुठे आहे आणि कुणी जखमी आहे का, हे सांगायचं. मग लगेच ११२, कारण गर्दी हटवण्याचं काम पोलिसांचं आहे. गेट सांभाळणाऱ्याने जंगलाकडचं गेट उघडं ठेवायचं आणि बाकीच्या माणसांना घरात पाठवायचं. बिबट्या खोलीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात असेल आणि बाहेरून दार सुरक्षितपणे लावता येत असेल तर लावायचं आणि लांब जायचं. नसेल लावता येत तर त्याची वाट मोकळी ठेवायची. मोकळ्या जागेत दडलेला बिबट्या शांतता मिळाली तर अंधार पडल्यावर बहुधा आपणहून निघून जातो.

काठ्या, फटाके, ड्रोन, फ्लॅश काही नको. बेशुद्धीचं इंजेक्शन लागलं तरी औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात घाबरलेला प्राणी कुणाच्याही अंगावर जाऊ शकतो. बंदूक चालवणारा पशुवैद्य किती कुशल आहे याहून त्या वेळी आजूबाजूला किती माणसं आहेत, यावर जास्त अवलंबून असतं.

गर्दीने काय फरक पडतो हे पुण्याने एकाच महिन्यात दोनदा पाहिलं. ९ डिसेंबर २०२०ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा आला. शेकडो लोक मागे धावले, तो रस्त्या-रस्त्यांतून जखमी होत पळत राहिला, शेवटी पकडला गेला आणि मेला. दोन आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, बावधनमध्ये दुसरा गवा आला. या वेळी लोकांना लांब ठेवलं गेलं आणि तो जंगलात परत गेला. बैठकीत हे उदाहरण जरूर सांगा, लोकांना दोन्ही दिवस आठवत असतात.

बिबट्याचं खरंच पिल्लू सापडलं तर हात लावू नका, पाणी-दूध पाजू नका, फोटोसाठी उचलू नका. आई बहुधा जवळच असते. वन विभाग पिल्लू रात्री त्याच जागी ठेवून आईला घेऊन जाऊ देतो, आणि हे अनेकदा यशस्वी होतं.

८. बाकीचे शेजारी: साप, माकडं, मधमाश्या

बैठक बिबट्याची असली तरी प्रश्न सापांवर येतातच, आणि माणसाच्या जिवाला जास्त धोका तिथेच आहे. चार विषारी साप ओळखता यायला हवेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यारीशी सारखा गोंधळ होतो तो बिनविषारी कवड्याचा, जो भिंत चढून फ्लॅटमध्ये येतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. हे फोटोवरून ओळखायला शिका, साप समोर असताना जवळ जाऊन पट्टे मोजायचे नाहीत. लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. त्याची वन विभागाकडे नोंद आहे का हे आधीच विचारून नंबर तक्त्यावर लिहून ठेवा. साप हातात घेऊन खेळ दाखवणारा नको.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावा फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही. म्हणून वस्तीत खाट, नाहीतर खाली नीट खोचलेली मच्छरदाणी, हा सल्ला पावसाळ्याआधी द्या. साप चावल्यावर बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ला फोन करा आणि मोठं सरकारी रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेऊ नका. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर एकच असते.

माकडांच्या बाबतीत एकच नियम कसोशीने पाळायला लावा: खायला घालायचं नाही, शनिवारीही नाही. श्रद्धेने घालणाऱ्यांशी आदराने बोला, पण बोला. एकदा हातातून खायला शिकलेलं माकड पिशवी हिसकावतं आणि नंतर चावतं. दात दाखवून हसू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

उंच इमारतीवरचं आग्या मोहोळ जाळू नका, त्यावर फवारा मारू नका. या माश्या काही महिन्यांनी आपणहून जागा सोडतात. तोवर खालची वाट बदला आणि त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा. पिंजऱ्यातला पोपट किंवा टाकीतलं तारा कासव कुणाच्या घरी असेल तर तोही वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांच्या बैठकीत सांगा. घरोघरी निरोप तिथूनच जातो.

९. वही चालू ठेवा

तारीख, वेळ, जागा, कुणी पाहिलं, प्राणी काय करत होता, आपण काय केलं. एवढे सहा रकाने पुरेत. ही जबाबदारी नावानिशी एकाला द्या, आणि तो गावी गेला तर दुसऱ्याला. दर महिन्याला पानाचा फोटो वनरक्षकाला पाठवा. त्यांच्या दृष्टीने तो नुसता तक्रारींचा ढीग नसतो: एकाच जागी वेळ रात्री तीनवरून संध्याकाळी सातवर सरकू लागली, बिबट्या माणसं बघूनही हलेनासा झाला, किंवा एकाच आठवड्यात अंगणातून दोनदा कुत्रं गेलं, तर गस्त वाढवायची हे त्यांना त्या पानावरून कळतं. अशा तीनपैकी एकही गोष्ट दिसली तर महिनाअखेरीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

वर्षाचं वेळापत्रकही वहीच्या पहिल्या पानावर लिहा: मेअखेर सापांची बैठक आणि नालेसफाईचा पाठपुरावा, जूनपासून गवतकापणी, ऑक्टोबरमध्ये दिवे तपासणी, कारण दिवस लहान होतात आणि मुलं खेळून घरी येईपर्यंत अंधार पडतो. नवे रहिवासी राहायला आले की चाव्यांसोबत नंबरांचा तक्ता द्या.